एक्स्चेंजपासून माजघरापर्यंत

घरातल्या इंटरनेटचा वेग पडला की आमच्या पेठेत आधी राउटर बंद-चालू होतो, मग कंपनीला फोन जातो, आणि तरीही जमलं नाही की मला हाक येते. “मामा, नेट लई स्लो झालंय, जरा बघा की.” मी टेलिफोन खात्यात रोजंदारीवर लागलो, लाईनमन झालो, पुढं फोन मेकॅनिक म्हणून कोल्हापूरच्या पेठांमधून फिरलो आणि ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या एका दिवशी देशभरात बीएसएनएलमधून, म्हणजे आमच्या जुन्या खात्यातून, आम्ही सुमारे ७८ हजार माणसं बाहेर पडलो. कुठल्या गल्लीची केबल कुठून वळते, कुठला जॉइंट पहिल्या पावसात भिजतो, ही माहिती आमच्याबरोबर घरी गेली. ती कागदावर फार थोडी आहे. म्हणून माझ्या शहरापुरतं मी लिहितो आहे.

माझ्या नोकरीच्या काळात एक गोष्ट स्पष्ट दिसत गेली. दोषाची जागा सरकत आली. आधी तो एक्स्चेंजमध्ये असायचा, मग रस्त्यात आला, मग गच्चीवर चढला आणि आता बहुतेक वेळा घराच्या आत बसलेला असतो. शोधायची रीत मात्र बदलली नाही. लाईन मधे उघडायची, कुठली बाजू चांगली आहे ते बघायचं, वाईट बाजू पुन्हा मधे उघडायची. असं करत गेलं की दोष सापडतोच.

जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये शेकडो रिले आणि स्विच टकटक करत चालायचे. त्यात धूळ बसली, संपर्क झिजला की कॉल अर्धवट लागायचा, भलत्याच घरी जायचा. शाहूपुरीतले गुळाचे अडते आणि उद्यमनगरातले फौंड्रीवाले बाहेरगावचे भाव आणि ऑर्डरी घ्यायला ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचे. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९८६ मध्ये तिचं १२८ लाईनचं ग्रामीण एक्स्चेंज आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला, सुरू झालं. वातानुकूलित खोली नसतानाही ते चालायचं. अशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं गावोगावी बसली तसे आतले दोष कमी झाले. उरली ती बाहेरची तांब्याची तार.

ती तार घरापर्यंत कशी यायची ते आजच्या मुलांना माहीत नाही. एक्स्चेंजमधल्या एमडीएफवरून, म्हणजे सगळ्या लाईनी जोडलेल्या मुख्य फ्रेमवरून, शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून निघायची. ती चौकातल्या लोखंडी पिलरमध्ये उघडायची. तिथून लहान केबल गल्लीतल्या खांबावरच्या डीपीच्या डब्यापर्यंत, आणि डीपीवरून ड्रॉप वायर तुमच्या भिंतीवरच्या रोझेटपर्यंत, म्हणजे फोन जोडायच्या डबीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी जोड. सर्वांत जुन्या केबलींवर शिशाचं कवच आणि आत कागदाचं वेष्टण असायचं, पाणी शिरलं की सगळ्या जोड्या एकदम जायच्या. नंतर जेली भरलेल्या केबली आल्या. जेलीमुळं केबल वाचली, पण जॉइंट वाचले नाहीत. आमच्याकडे पावसाळा महिनोन्महिने रेंगाळतो. जॉइंट नीट बंद केलेला नसला तर जूनमध्ये शिरलेली ओल दिवाळीपर्यंत हटत नाही.

तरीही बोलण्यापुरतं भागायचं. थोडी खरखर असली तरी माणूस माणसाचं बोलणं समजून घेतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं मोठ्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि पुढच्या काही वर्षांत कोल्हापुरातही संचारनेट या डायल-अप सेवेचं खातं घेऊन १७२२३३ लावणारी घरं दिसू लागली. मॉडेमवर ५६ किलोबिट लिहिलेलं असायचं, मिळायचे ३०-४०. कान जी खरखर खपवून घ्यायचा, ती मॉडेम खपवून घेत नव्हता. ज्या लाईनला आम्ही वर्षानुवर्षं ‘ओके’ म्हणत आलो होतो, तिच्यावर पहिल्यांदा तक्रारी येऊ लागल्या. मेगर लावून इन्सुलेशन मोजायची सवय आम्हाला खऱ्या अर्थानं तेव्हा लागली.

ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. २५६ किलोबिट आणि त्याच्या वर जे काही, ते ब्रॉडबँड, असं त्यात ठरलं. १४ जानेवारी २००५ ला बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं. जुन्याच तारेवर नवं काम आलं. बोलणं चार किलोहर्ट्झच्या आत चालतं. एडीएसएल त्याच तारेवर वरची जागा वापरतं, साधारण २५ ते ११०० किलोहर्ट्झ. दोन्ही वेगळं करायला घरात स्प्लिटर लावायचा. सर्वांत जास्त दोष इथंच सापडायचे. लोकांनी माडीवर, दुकानात समांतर फोन ओढलेले असत आणि त्यांना फिल्टर नसे. फोनची घंटा वाजली की नेट तुटायचं. “फोन आला की नेट जातंय” असं कुणी सांगितलं की पिलरकडे जायची गरजच नसायची. सगळे फोन काढून मॉडेम थेट रोझेटला जोडायचा, वेग परत आला की दोष घरातल्या वायरीत.

दुसरी गोष्ट अंतराची. उंच फ्रिक्वेन्सी तांब्यात लवकर विरते, दर किलोमीटरला साधारण १३-१४ डेसिबल. एक्स्चेंजजवळच्या घराला मॉडेमच्या पानावर अटेन्युएशन १५ दिसायचं, गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत पन्नासच्या वर. त्याखालचा आकडा एसएनआर मार्जिनचा, म्हणजे लाईन तुटण्याआधी किती वाव उरला आहे त्याचा. तो सहाच्या खाली आला की लाईन तुटतच राहणार, दहाच्या वर असला की निर्धास्त. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहिलं की हे आकडे घरबसल्या दिसायचे. माझ्या मते आमच्या धंद्यात झालेला हा सर्वांत मोठा बदल होता. तोवर लाईन कशी आहे हे फक्त खात्याचा माणूस सांगायचा. आता ग्राहकही मोजू शकत होता. उद्यमनगरातल्या एका कारखान्यातला तरुण हे आकडे रोज वहीत लिहायचा. पाऊस पडला की मार्जिन उतरतं आणि ऊन पडलं की चढतं, हे त्यानं मला दाखवलं. त्या वहीवरून डीपीखालचा भिजलेला जोड लगेच सापडला.

काही योजनांमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असायचा. २५६ किलोबिटनं ७०० एमबीचा सिनेमा उतरायला सहा तास लागतात, म्हणजे बरोबर तेवढा वेळ. कॉलेजची मुलं गजर लावून उठायची. सगळी एकदमच उठायची, त्यामुळं तेव्हाही वेग पडायचा. त्या दोषाला जोड किंवा तार जबाबदार नव्हती. वाट एकच होती आणि तिच्यावरून जाणारे फार होते. हल्ली रात्री आठ ते अकरा या वेळात नेट मंदावतं त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

त्याच काळात केबल टीव्हीवाल्यांनी इंटरनेट द्यायला सुरुवात केली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर टीव्हीच्या केबली गच्च्यांवरून पसरल्या होत्या. त्याच वाटेनं आता लॅनच्या वायरी गेल्या. लॅनची वायर १०० मीटरपर्यंतच नीट चालते, म्हणून मधे मधे कुणाच्या तरी गच्चीवर, जिन्याखाली स्विच बसवावा लागे. त्याला वीज त्या घरातून. घरवाल्यानं गावाला जाताना मेन स्विच बंद केला की पुढच्या सगळ्या घरांचं नेट जायचं. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की एका कडकडाटात ओळीनं स्विच जळायचे. या केबलवाल्या पोरांनी शहराला वेग दिला हे मी मान्य करतो. रात्री अकरा वाजता शिडी लावून चढणारी ती माणसं आमच्याच धंद्यातली होती. त्यांच्याकडे नकाशे नव्हते, पण कुठली वायर कुणाच्या कौलावरून जाते ते त्यांना तोंडपाठ होतं.

पंचगंगेच्या पुरानं या सगळ्याची परीक्षा घेतली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर पिलर उघडले तर तारा जोडायच्या पट्ट्यांच्या, म्हणजे क्रोन मॉड्यूलच्या, फटीफटीत गाळ. पुसलं, वाळवलं, तरी हिरवा गंज पुढं कित्येक दिवस बाहेर येत राहिला. फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, मात्र बुडूनही शाबूत राहिली. काचेला पाण्याचा गंज चढत नाही. पण जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज मिळायची, घरातली वीज गेली तरी तो बोलायचा. फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. पुराच्या शहरानं हा फरक लक्षात ठेवायला हवा. डबा उंचावर बसवावा आणि त्याला छोटा बॅकअप द्यावा.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि ऑफिसं घरात आली आणि कोल्हापूरच्या गल्ल्यांत फायबर झपाट्यानं वाढली. काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा, बाहेरचं आवरण धरून १२५ मायक्रॉन. एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश स्प्लिटरमधून साधारण ३२ घरांत वाटला जातो आणि त्या वाटणीतच सतराएक डेसिबल खर्ची पडतात. घरी उणे २० च्या आसपास प्रकाश मिळाला तर उत्तम, उणे २७ च्या खाली लाल दिवा लागतो. तीन डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. कपाटामागं वायर दाबली गेली, खिळ्याभोवती आवळून गुंडाळली, हिरव्या कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली, एवढ्यानंही हे घडतं.

तरी हल्ली मला हाक मारणाऱ्या बहुतेक घरांत फायबर ठणठणीत असते. दोष त्यापुढच्या काही फुटांत असतो. जुन्या पेठांतली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, नवी घरं स्लॅबची. राउटर सोप्यात दाराजवळ बसवलेला, मुलगी अभ्यास करते माजघरात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतीला लवकर थकतं. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जातं, पण दाट वस्तीत शेजाऱ्यांची वायफायं त्याच जागेत गर्दी करतात. तिथं १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत न मिसळणारे. म्हणून मी आधी लॅपटॉप वायरनं राउटरला जोडतो आणि सकाळी, रात्री नऊला आणि झोपताना असा वेग मोजायला सांगतो. वायरवर वेग पूर्ण असेल तर कंपनीला दोष द्यायचा नाही, राउटर घराच्या मधे, उंचावर आणायचा, नाहीतर आतल्या खोलीपर्यंत एक लॅन वायर ओढायची. वायरवरही फक्त रात्री पडत असेल तर गर्दी. दिवसभर पडत असेल तर प्रकाशाचा आकडा बघायचा. आणि १०० मेगाबिटच्या योजनेत डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइट दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, आठ बिटांचा एक बाइट होतो.

सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्या २०१३ ला ५१२ किलोबिटवर आणि २०२३ ला २ मेगाबिटवर नेली. आकडे आणखी वाढतील. पण लाईन बिघडली हे कळायला ती चांगली असताना कशी होती हे माहीत असावं लागतं. आम्ही ते डोक्यात ठेवत होतो, आणि तेवढ्यावर विसंबणं पुरेसं नव्हतं हे आता दिसतं आहे. नेट उत्तम चालतं त्या दिवशी वायरवरचा वेग, प्रकाशाचा आकडा आणि तारीख एका कागदावर लिहून राउटरच्या मागं चिकटवा. केबलवाल्या पोरांनी आपल्या गल्लीचा नकाशा काढावा, आणि खात्यातून माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या माणसांनी आपापल्या पेठेचे जॉइंट लिहून काढावेत. मी माझ्या पेठेची वही सुरू केली आहे, आणि जो तरुण हे काम शिकायला येईल त्याच्या हाती ती देणार आहे.