अपस्माराच्या गोळ्या आणि उतारवयातील विसर

वीस-पंचवीस वर्षे अपस्मारावर गोळ्या घेणारी व्यक्ती साठीनंतर विसरू लागली, की घरात दोन तर्क केले जातात. वय झाले, हा एक. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी मेंदू बधिर केला, हा दुसरा. पहिल्यामुळे बरा होऊ शकणारा विसर तसाच राहून जातो. दुसऱ्यामुळे गोळ्या परस्पर बंद होतात आणि ते जिवावर बेतू शकते.

अपस्मार व स्मृतिभ्रंश यांचे नाते दुहेरी आहे. अल्झायमर रोगात मेंदूच्या पेशींची हानी होताना त्यांचे विद्युत्-कार्यही बिघडते. त्यामुळे या रुग्णांना फिट येण्याचे प्रमाण समवयस्क निरोगी माणसांपेक्षा अधिक असते. उलट, उतारवयात प्रथमच फिट आलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची इजा दोहोंच्या मुळाशी असू शकते. शिवाय वृद्धांची फिट हातपाय झाडणारी असेलच असे नाही. बोलता बोलता नजर शून्यात लागणे, ओठ चाटणे, नंतर काही काळ गोंधळणे, एवढेच दिसते. घरचे त्यालाही विसरच समजतात.

औषधांचा वाटा मात्र औषधागणिक बदलतो. १९१२ पासून वापरात असलेल्या फेनोबार्बिटोनमुळे सुस्ती येते व विचारांचा वेग मंदावतो. फेनिटॉइनची रक्तातील पातळी मर्यादेपलीकडे गेली, की तोल जातो, जीभ जड होते. टोपिरामेट घेणाऱ्या काहींना ओळखीचे शब्दही आठवत नाहीत. सर्वांत फसवे ठरते ते सोडियम व्हॅल्प्रोएट. एरवी गुणकारी असलेल्या या औषधाने काही थोड्या रुग्णांत, विशेषतः वृद्धांत, स्मृतिभ्रंश आणि कंपवात यांच्याशी हुबेहूब जुळणारे चित्र उभे राहते. वर्षानुवर्षे औषध सोसलेले असल्याने संशय त्याच्यावर जातच नाही. काही जणांत रक्तातील अमोनिया वाढून गुंगी येते. औषध बदलल्यावर यांतील बरेच जण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. खऱ्या अल्झायमरमध्ये असे घडत नाही.

व्हॅल्प्रोएट मेंदूचे रक्षण करील, अशी आशा एकेकाळी होती. अमेरिकेत अल्झायमरच्या ३१३ रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती मावळली. रोगाची वाटचाल थांबली नाही. उलट औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटले. लेव्हेटिरासिटॅमच्या २०२१ मधील छोट्या चाचणीत सरसकट लाभ दिसला नाही. पण ज्यांच्या मेंदूत अपस्मारासारख्या छुप्या लहरी आढळल्या, त्यांची काही चाचण्यांतील कामगिरी सुधारली.

अशा विसराच्या तपासणीत ईईजी व मेंदूच्या एमआरआयबरोबर रक्तातील औषधाची पातळी, अमोनिया, सोडियम, बी-१२ आणि थायरॉइड पाहणे उपयुक्त ठरते. झोपेच्या गोळ्यांचीही चौकशी हवी. औषध बदलायचे ठरल्यास सामान्यतः जुने टप्प्याटप्प्याने उतरवत नवे चढवले जाते; एकाएकी थांबवल्यास फिटवर फिट येत राहण्याचा धोका असतो. तज्ज्ञाकडे जाताना जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. विसर सुरू झाला त्या सुमारास डोस वाढला होता का, हे बहुधा त्यांतूनच उमगते.