याकुत्स्कची कोरडी विहीर

१६३२चा सप्टेंबर संपत आलाय. सायबेरियात, लेना नदीच्या उजव्या काठावर तुम्ही उभे आहात आणि कानांवर कुऱ्हाडींचे घाव पडताहेत. प्योत्र बेकेतोव्हचे कोसॅक लाकडी गढी उभारताहेत. त्यांना हवी आहे सेबल नावाच्या चिमुकल्या जनावराची मऊ कातडी, तीही इथल्या साखा लोकांकडून कर म्हणून, झारच्या खजिन्यासाठी. दहाएक वर्षांत ही गढी पलीकडच्या काठावर हलेल. तेच आजचं याकुत्स्क, साखा प्रजासत्ताकाची राजधानी.

हुडहुडी भरली असेल, तर एखाद्या साखा कुटुंबाच्या घरात शिरा. ओंडक्यांच्या तिरप्या भिंती बाहेरून माती आणि शेणाने लिंपलेल्या आहेत. हे शेण पाहून तुम्हाला जरा घरी आल्यासारखं वाटेल. गाईही पलीकडच्याच गोठ्यात, एका भिंतीच्या अंतरावर. हिवाळ्यात खिडकीत मात्र काचेच्या जागी नदीतून कापून आणलेली बर्फाची लादी बसेल!

आता दोनशे वर्षं पुढे चला. १८२८ साली रशियन-अमेरिकन कंपनीचा फ्योदर शेर्गिन पाण्यासाठी विहीर खणायला घेतो. काठावरून जपून वाका. वर्षांमागून वर्षं जातात, माती निघतच राहते आणि प्रत्येक घमेलं गोठलेलं. ११६ मीटरवर तो हात टेकतो. पाण्याचा टिपूस नाही. जमीन बारमाही गोठलेली असते, हे युरोपातल्या काही पंडितांना तोवर थाप वाटायचं. १८४४मध्ये मिडेनडॉर्फ हा संशोधक या विहिरीच्या भिंतींत थर्मामीटर खुपसतो, तर तळाशीही पारा शून्याखालीच! गढीचा शेवटचा बुरूज २००२ साली जळाला, विहीर अजून आहे. माझ्या मते शहराचं खरं स्मारक हीच.

कारण आजचं तीन लाखांवर वस्तीचं याकुत्स्क त्याच गोठलेल्या मातीच्या भरवशावर उभं आहे. इमारतींखाली वाका: काँक्रीटचे खांब आणि मोकळी हवा. घरातली ऊब जमिनीत उतरली, तर माती वितळून इमारत खचेल, म्हणून ही तजवीज. गरम पाण्याचे जाडजूड नळही जमिनीवरूनच धावतात आणि रस्ता आला की कमान करून त्यावरून जातात. पण हवामान तापतंय, माती सैल होतेय आणि जुन्या भिंतींना तडे जाताहेत.

इथे लेनेवर अजून पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात थेट बर्फावरून ट्रक. अधल्यामधल्या आठवड्यांत दोन्ही बंद. प्रत्यक्ष यायचं असेल तर मार्च गाठा: जानेवारीतली उणे चाळीसची थंडी ओसरलेली असते, ऊन भरपूर असतं आणि नदी अजून ट्रक पेलते. फक्त चष्म्याची काडी धातूची नको.