पळून आलेल्या दासाला आश्रय

धन्याकडून पळून आलेल्या दासाला पुन्हा त्याच्या हवाली करू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या २३ व्या अध्यायात आहे. आधुनिक राज्यांना ही गोष्ट उशिरा उमगली, असे आम्हांस वाटते.

२ ऑगस्ट १९९५ रोजी कॅलिफोर्नियातील एल मॉन्टे येथे तारेच्या कुंपणाआड डांबून ज्यांच्याकडून शिवणकाम करवून घेतले जात होते, अशा ७२ थाई कामगारांची सुटका झाली. मात्र इमिग्रेशन खात्याने त्यांनाच आठवड्याहून अधिक काळ कोठडीत ठेवले. कायद्याच्या दृष्टीने ते पीडित नव्हते. परवान्याविना राहणारे परकी होते.

पुढे २००० साली अमेरिकेत मानवी व्यापाराविरुद्ध कायदा झाला व पीडितांसाठी ‘टी’ व्हिसा निघाला. शोषणाचा पुरावा, तपासास वाजवी सहकार्य आणि परत धाडल्यास होणारे आत्यंतिक हाल, हे अर्जदाराने दाखवावे लागते. अल्पवयीनांना व तीव्र मानसिक आघात झालेल्यांना सहकार्याच्या अटीतून सूट आहे. मार्च २००८ मध्ये मिसिसिपीतील जहाजबांधणीचे काम सोडून बाहेर पडलेल्या भारतीय वेल्डरांपैकी अनेकांना पुढे हाच आधार मिळाला. कायम वास्तव्याच्या आशेने त्यांनी दलालांना हजारो डॉलर दिले होते.

राज्याला पुरावा मागणे भाग आहे; त्या प्राचीन आज्ञेत मात्र दासाकडे तो मागितलेला नाही. म्हणून कर्ज काढून परदेशी गेलेल्या आपल्या मंडळीतील तरुणाचा निरोप आला, तर “परवाना आहे ना?” याआधी आपण विचारावे, “पासपोर्ट तुझ्याजवळ आहे ना? तुला तेथून निघता येते ना?”