यंत्राची तहान

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी पडले आणि त्यांचे पार्थिव सह्याद्री उतरून या गावी आणले गेले. ज्या वाटेने ते आणले तिला मढे घाट हे नाव त्यावरूनच पडले, असे परंपरा सांगते. घाटमाथ्यावरचे पुणे आणि घाटाखालचे उमरठ यांना जोडणारी ही जुनी वाट. आज या दोहोंना जोडणारी आणखी एक वाट आहे, मात्र ती डोळ्यांना दिसत नाही. उमरठच्या डोंगरावर उद्या किती पाऊस पडेल याचे गणित पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणकावर मांडले जाते.

हे गणित किती मोलाचे आहे, हे या मुलखाला सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी आल्या. सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. म्हणूनच अंदाज बांधणाऱ्या यंत्राविषयी कुतूहल वाटते. त्या यंत्राच्या इतिहासात डोकावले, की एक अनपेक्षित गोष्ट समोर येते: पावसाचे गणित करणाऱ्या यंत्रांच्या कुळाला स्वतःलाच पाण्याची गरज आहे.

गणित ही निव्वळ बुद्धीची, अमूर्त गोष्ट आहे असे आपण मानतो. यंत्राला ते मान्य नाही. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती दूर नेली नाही तर यंत्र थांबते. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांतून पाण्याच्या नळ्या फिरवल्या जात. १९७६ च्या ‘क्रे-१’ मध्ये शीतकपाटात असते तसे फ्रिऑन खेळवले होते, तर १९८५ च्या ‘क्रे-२’ चे सुटे भाग एका वीजरोधक द्रवात चक्क बुडवून ठेवले होते. पुढे १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या चकत्या आल्या, पाण्याच्या नळ्या गेल्या आणि पंखे आले. पाण्याचा प्रश्न मिटला असे तेव्हा वाटले.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध आला तो नकारातून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने भारताला हवामानाच्या कामासाठी ‘क्रे एक्स-एमपी’ दिला, पण त्याहून शक्तिशाली यंत्र नाकारले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. एकाच बलाढ्य गणकावर भार न टाकता अनेक लहान गणकांत काम वाटून द्यायचे, हे त्याचे सूत्र होते.

हेच सूत्र पुढे एका अगदी वेगळ्या दारातून परत आले. संगणकावरील खेळांची चित्रे रंगवण्यासाठी बनवलेल्या ग्राफिक कार्डात हजारो छोटे गणक एकाच वेळी राबत असतात. २००७ च्या सुमारास या कार्डांकडून चित्रांखेरीज इतर गणितेही करून घेण्याची सोय झाली आणि खेळण्यातला हा भाग महासंगणकात जाऊन बसला. २०२० साली सी-डॅकमध्ये उभ्या राहिलेल्या ‘परम सिद्धी-एआय’ मध्ये ४२ पेट्या आणि प्रत्येक पेटीत ८ याप्रमाणे ३३६ कार्डे होती. अशी एक पेटी जास्तीत जास्त साडेसहा किलोवॅट वीज घेते, म्हणजे न्हाणीघरातले तीन गिझर अहोरात्र चालू ठेवावेत तशी.

कार्डे शेजारी शेजारी बसवली की एकाची धग दुसऱ्याला लागते. घरच्या संगणकात दोन-तीन कार्डे बसवणाऱ्या हौशी माणसालाही हा अनुभव येतो. पंखा फिरतो, पण तो शेजारच्या कार्डाची तापलेली हवाच ओढून घेतो. येथे पाणी परत येते. तेवढ्याच आकारमानाची हवा जितकी उष्णता वाहून नेते त्याच्या सुमारे साडेतीन हजार पट पाणी नेते. कार्डाच्या चकतीवर तांब्याची पट्टी बसवतात, तिच्या आत केसासारख्या बारीक चरांतून पाणी खेळवतात. ४०० वॅटच्या कार्डावरून मिनिटाला एक लिटर पाणी गेले, तर ते जेमतेम सहा अंशांनी तापते. हेच पाणी एकामागून एक कार्डांवरून नेले तर शेवटच्या कार्डाच्या वाट्याला कोमट पाणी येते, आणि प्रत्येकाला वेगळी वाट काढून दिली तर ज्या वाटेत अडथळा कमी तिकडेच ते अधिक पळते. पाटाचे पाणी वाडीत वाटून घेणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला हे कोडे नवे नाही. पुण्याच्या ‘आयसर’ मधील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात २०१९ साली अशी थेट पाण्याने थंड करण्याची योजना भारतात प्रथमच वापरली गेली.

या नळ्यांतले पाणी संपत नाही, ते बंद वर्तुळात फिरत राहते. मात्र त्याने उचललेली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. बहुतेक मोठ्या ठिकाणी ती शीतकरण मनोऱ्यात टाकतात. हा मनोरा म्हणजे एक मोठा माठच. थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले गार होते. एक किलोवॅट उष्णता तासभर अशी उडवायला सुमारे दीड लिटर पाणी लागते. साडेसहा किलोवॅटच्या ४२ पेट्या पूर्ण क्षमतेने दिवसभर चालल्या आणि त्यांची सगळी उष्णता मनोऱ्यातून गेली असे धरले, तर हिशेब दहा हजार लिटरच्या जवळ जातो. हा आमचा कागदावरचा हिशेब आहे, कोणा संस्थेचा खर्च नव्हे. पण दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर.

टँकर हा शब्द पोलादपूर तालुक्यात सहज उच्चारला जात नाही. जिथे पावसाळ्यात डोंगर खचतात तिथेच उन्हाळ्यात वाड्या टँकरची वाट पाहतात. पाणी कोणाचे, हा प्रश्न या भूमीने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जगापुढे मांडला. तो प्रश्न माणसामाणसांतला होता, यंत्राच्या पाण्याशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. पण पाण्याच्या वाटणीत न्याय-अन्यायाचा विचार टाळता येत नाही, ही त्याची शिकवण येथेही लागू पडते.

म्हणून यंत्र नको, असा निष्कर्ष काढणे सोपे, पण चुकीचे ठरेल. मे २०२५ पासून देशाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत मांडला जातो. चौकटीची बाजू निम्मी केली की गणित सुमारे आठपट वाढते. तरीही सहा किलोमीटरच्या चौकटीत उमरठची खोरी, तळियेचा उतार स्वतंत्रपणे दिसत नाही. ते दिसायला हवे असतील तर आणखी गणित लागेल, आणखी उष्णता निघेल, आणखी पाणी लागेल. ही गरज खरी आहे. मात्र तीच कार्डे, तेच पाणी करमणुकीच्या चित्रांसाठीही खर्च होते, आणि दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात मांडला जातो. कोणते गणित पाण्याच्या मोलाचे आणि कोणते नाही, हे यंत्र सांगणार नाही. ते ठरवणे आपले काम आहे, आणि ठरवताना मढे घाटाच्या खाली राहणाऱ्यांनाही विचारले पाहिजे.