ओहमच्या नियमापासून कृषिपंपाच्या देयकापर्यंत : विद्युत् शक्तिमापनाचा इतिहास आणि वऱ्हाड

प्रस्तावना :

विभवांतरास विद्युतधारेने भागले असता रोध मिळतो आणि त्या दोहोंचा गुणाकार केला असता शक्ती मिळते. शालेय पातळीवर शिकविली जाणारी ही दोन सूत्रे आज इतकी सर्वपरिचित आहेत की त्यांनाही इतिहास आहे, याचे सहसा स्मरण राहत नाही. प्रस्तुत लेखात या सूत्रांच्या उगमाचा संक्षिप्त आढावा घेऊन, अमरावती जिल्ह्यातील तिवसा व परिसरातील कृषिपंपांच्या संदर्भात त्यांचे महत्त्व तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सूत्रांची जडणघडण :

जॉर्ज सायमन ओहम (1789–1854) हा जर्मनीतील कोलोन येथील एका विद्यालयात शिक्षक होता. तत्कालीन विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसल्याने त्याच्या प्रयोगांत प्रारंभी सुसंगती येईना. तेव्हा त्याने 1821 मध्ये सीबेकने शोधलेल्या उष्माविद्युत् परिणामाचा आधार घेतला. तांबे व बिस्मथ यांच्या सांध्यांपासून मिळणाऱ्या स्थिर दाबामुळे निरनिराळ्या लांबीच्या तारांतील धारेची तुलना करणे त्यास शक्य झाले. 1827 मध्ये त्याने आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला; परंतु मायदेशी त्याचे स्वागत थंडपणेच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये त्यास कोप्ले पदक दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल याने तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे प्रयोगाने दाखविले.

तथापि, सर्वमान्य एककांवाचून गणित अपुरेच असते. तारायंत्राच्या लांबच लांब तारांमुळे रोधाच्या अचूक मापनाची व्यावहारिक निकड उत्पन्न झाली. 1881 च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत व्होल्ट, ॲम्पिअर व ओहम या एककांना मान्यता मिळाली. 1882 मध्ये विल्यम सीमेन्स याने शक्तीच्या एककास 'वॅट' हे नाव सुचविले. यंत्रयुगातील 'अश्वशक्ती' हे माप यानंतर 746 वॅट या आकड्यात मांडता येऊ लागले.

महाराष्ट्रातील उपयोजन :

या सूत्रांचे महाराष्ट्रातील पहिले भव्य उपयोजन म्हणजे टाटांचा जलविद्युत् प्रकल्प होय. 1915 मध्ये खोपोली येथील वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत सुमारे 1 लाख व्होल्ट दाबाने नेण्यात आली. तितकीच शक्ती दहापट दाबाने पाठविल्यास धारा एक दशांश होते आणि त्याच तारेतील उष्णतारूपी हानी एक शतांश होते. उच्च दाबाचे रहस्य एवढेच आहे. पुढे 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि 1961 मध्ये अकोला जिल्ह्यातील पारस येथे 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला.

कृषिपंप आणि अंदाजाचे गणित :

तिवसा परिसरात कापूस, तूर व संत्रा या पिकांना विहिरीच्या पाण्याची जोड मिळाली ती विद्युत् पंपामुळे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात कृषिपंपांसाठी अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी सुरू झाली. मीटर वाचण्याचा खर्च वाचला. मात्र प्रत्यक्ष व्होल्ट, ॲम्पिअर व तास यांची जागा मोटारीच्या पाटीवरील आकड्याने घेतली. येथून पुढचा प्रश्न केवळ भौतिकशास्त्राचा राहत नाही.

उदाहरणादाखल 5 अश्वशक्तीची, म्हणजे 3,730 वॅट यांत्रिक शक्ती देणारी त्रिकला मोटार घेऊ. कार्यक्षमता व शक्तिगुणक प्रत्येकी 0.8 धरल्यास तिला सुमारे 4,660 वॅट वीज लागते आणि 400 व्होल्टला प्रत्येक तारेतून सुमारे 8.4 ॲम्पिअर धारा वाहते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब 320 व्होल्टपर्यंत उतरला, तर साध्या रोधाच्या नियमाने धारा कमी व्हावयास हवी. परंतु मोटार म्हणजे विजेची शेगडी नव्हे. पंपाचे काम जवळजवळ तेवढेच राहिल्याने ती अधिक, म्हणजे सुमारे 10.5 ॲम्पिअर धारा ओढते. वाइंडिंगमधील उष्णता धारेच्या वर्गाने, अर्थात सुमारे 56 टक्क्यांनी वाढते. मोटारी जळण्याचे हे एक प्रमुख कारण होय. ज्याला कमी दाबाची वीज मिळते, त्याचे ठोक देयक मात्र त्यामुळे कमी होत नाही. उलटपक्षी, पुन्हा वाइंडिंग केलेली मोटार पाटीवरील क्षमतेहून अधिक वीज घेऊ शकते. तीही देयकात दिसत नाही.

मीटरविना झालेला वापर अंदाजाने धरला की वहन व वितरणातील हानीही अंदाजाचीच ठरते, कारण एकूण विजेतून वापर वजा करूनच ती काढली जाते. शेतीचा वापर जेवढा फुगवून दाखविला जाईल, तेवढी गळती व चोरी कागदावर घटते आणि तिचा ठपका शेतकऱ्याच्या पदरी पडतो. म्हणूनच या शतकाच्या प्रारंभापासून वीज नियामक आयोगापुढील सुनावण्यांत हा वादाचा विषय राहिला.

2018 मध्ये राज्याने कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली स्वीकारली. ग्रामीण बोलीत 'डीपी' म्हटले जाणारे छोटे रोहित्र पंपाच्या निकट बसवून तेथपर्यंत 11,000 व्होल्टची वाहिनी नेणे, हे तिचे तत्त्व. 400 व्होल्टच्या तुलनेत धारा 27.5 पटींनी घटते आणि समान तारेतील हानी सुमारे 756 पटींनी. खोपोलीचे तत्त्व शेताच्या बांधावर येण्यास शंभर वर्षे लागली, असे म्हणता येईल.

निष्कर्ष :

एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. देयक शून्यावर आले, तरी मापनाचे महत्त्व संपले नाही. शेतकऱ्याऐवजी शासन जी रक्कम भरते, तिचाही हिशेब वापरावरच अवलंबून असतो. ओहमची थोरवी केवळ सूत्रात नसून अस्थिर अनुभवाच्या जागी स्थिर मापन आणण्यात आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या पंपापाशी व्होल्ट व ॲम्पिअर प्रत्यक्ष मोजले जात नाहीत, तोवर त्याच्या नावावर लिहिलेले युनिट हा हिशेब नसून अंदाजच राहील. विज्ञानाच्या अध्यापनात ही सूत्रे शिकविताना त्यांचा हा सामाजिक आशयही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.