घरातली तालीम आणि वस्तादाची जागा

मंडळी, 'होम जिम' हा शब्द नवा असला तरी वस्तू चांगली तीनशे वर्षं जुनी आहे. हल्ली नव्या फ्लॅटमध्ये देवघर कुठे, टीव्ही कुठे, याच्या जोडीने ट्रेडमिल कुठे ठेवायची हेही ठरतं. आमच्या नात्यातल्याच तिघांनी गेल्या वर्षभरात विचारलं, "काका, घरी व्यायामाचं सामान घ्यायचंय, काय घेऊ?" आता मी काही व्यायामशिक्षक नव्हे. माझी नोकरी इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेली. त्यामुळे काय घ्यावं यापेक्षा आजवर लोकांनी काय घेतलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला जास्त बरं सांगता येईल.

सुरुवात आपल्या तालमीपासून करू. तांबडी माती, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवून ठेवलेली मुद्गलांची जोडी, करेला, दगडी नाल, अंगणात मल्लखांब. एवढं सामान असलं तरी तालीम ओळखली जायची ती वस्तादाच्या नावाने. जोडी खांद्यामागून कशी फिरवायची, जोर काढताना कंबर कुठे ठेवायची, आज जड जोडीला हात लावायचा की नाही, हे तो सांगायचा. दोन दिवस दांडी मारली तर तिसऱ्या दिवशी विचारायचाही तोच.

सामान घरी आणता येतं, वस्ताद आणता येत नाही. घरच्या व्यायामाच्या साधनांचा सगळा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. ज्याने ज्याने घरासाठी साधन बनवलं, त्याला वस्तादाची रिकामी जागा कशाने तरी भरावी लागली.

इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसन १७११ साली 'स्पेक्टेटर' या पत्रात लिहितो, की तो रोज सकाळी तासभर आपल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या 'डंब बेल'वर व्यायाम करतो. डंब बेल म्हणजे मुकी घंटा. चर्चची घंटा वाजवणारा दोर ओढतो तसा दोर ओढायचा, पण वर घंटाच नाही! त्यामुळे आवाज नाही आणि व्यायाम मात्र पुरेपूर. आजच्या डंबेलचं नाव या मुक्या घंटेवरून आलं. मला त्या लेखात सगळ्यात आवडली ती घरमालकीण. तिला आणि तिच्या मुलींना ॲडिसनची वेळ इतकी पाठ झाली होती, की त्या तासात कुणी त्याच्या खोलीकडे फिरकत नसे. कोपरा ठरलेला, तास ठरलेला आणि घरच्यांना तो ठाऊक. वस्तादाचं निम्मं काम तिथेच झालं की!

पुढे आपलेच मुद्गल साहेबाच्या देशी गेले. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथल्या शिपायांना, मल्लांना ते फिरवताना पाहिलं आणि 'इंडियन क्लब' या नावाने तिकडे नेलं. डोनाल्ड वॉकरच्या १८३४ च्या पुस्तकात ते आले, आणि १८३६ साली त्याने खास स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांचा हलका, नाजूक अवतारही आला. १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिम केहोने त्यांच्यावर सचित्र पुस्तक काढलं. तो क्लब बनवून विकायचाही. म्हणजे साधन विकणाऱ्याने सोबत पुस्तक देण्याची रीत तेव्हापासूनची. पुस्तकातलं चित्र हाच वस्ताद. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली. गंमत म्हणजे हेच क्लब शाळांच्या कवायतीतून पुन्हा आपल्याकडे परत आले. लाकडी डंबेल्स, मुद्गल आणि लेझीम एका कपाटात गुण्यागोविंदाने नांदताना मी शाळेत पाहिली आहेत. तिथे डंबेलचं वजन नगण्य. खरं काम करायचा तो सरांचा आकडा: एक, दोन, तीन, चार!

आता या गोष्टीतला मुख्य माणूस, युजेन सँडो. जन्म १८६७, पूर्व प्रशियातल्या कोनिग्झबर्गचा. नाटकगृहांत शक्तीचे प्रयोग करता करता त्याने व्यायामाचा मोठा व्यवसाय उभारला. १८९७ साली त्याचं शक्ती कशी मिळवावी यावरचं पुस्तक निघालं, सोबत भिंतीवर लावायचा तक्ता. त्याचं सगळ्यात चतुर साधन म्हणजे स्प्रिंगचं डंबेल. हे डंबेल मधून उभं दुभंगलेलं असायचं आणि दोन्ही भागांमध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना मूठ सतत आवळून दोन्ही भाग एकत्र धरायचे. लक्ष उडालं की मूठ सैल, मूठ सैल की डंबेल उघडलं! विद्यार्थ्याची चूक तिथल्या तिथे दाखवणारं साधन. शिक्षक म्हणून मला या कल्पनेचं फार कौतुक वाटतं. वस्ताद त्याने चक्क मुठीतच बसवला.

सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात आला, पण त्याची साधनं त्याच्या आधीच इथे पोचली होती. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे त्याचे एक गिऱ्हाईक. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली आणि पुढे दहा वर्षं त्याच्या सूचनांबरहुकूम नियमाने व्यायाम केला. दहा वर्षं! आपल्यापैकी कितीजणांनी विकत घेतलेलं साधन दहा महिने वापरलंय, हे ज्याचं त्याने मनाशी मोजावं.

आणि इतकं करून १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार लावले, त्यावर पुस्तकं लिहिली आणि प्रसारात सारं आयुष्य घातलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघालं. आज जगभर सूर्यनमस्कार घातले जातात, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

ही गोष्ट सांगताना बरेच लोक "विलायती साधनं फेकली आणि स्वदेशी धरलं" असा धडा काढतात. मला तो पुरेसा वाटत नाही. दहा वर्षं रोज ठरावीक वेळी, आकडा मोजून, शरीराकडे लक्ष देऊन व्यायाम करायची जी सवय लागली, तिचं श्रेय सँडोला द्यायला काय हरकत आहे? साधन सुटलं, शिस्त राहिली. पंतप्रतिनिधींनी नमस्कारांना मंत्रांची जोड दिली. बीजमंत्र आणि सूर्याची बारा नावं क्रमाने म्हणायची, म्हणजे आकडा चुकत नाही आणि श्वासालाही ताल मिळतो. मुठीतली स्प्रिंग जे काम करायची ते आता जिभेवरच्या नावाने केलं.

यात आणखी एक गोष्ट घडली. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बायकांना जागा नव्हती. जातं, मुसळ, विहिरीचं पाणी हे कष्ट त्यांच्या वाट्याला भरपूर होते, पण स्वतःच्या शरीरासाठी ठेवलेला वेळ कुठे होता? औंधमध्ये राणीसाहेबांपासून शाळेतल्या मुलींपर्यंत सगळ्या नमस्कार घालू लागल्या. एक सतरंजीभर जागा पुरत होती. घरच्या व्यायामाचं खरं मोल मला इथे दिसतं. जिला तालीम बंद, तिला घरातला कोपरा उघडा.

पुढच्या काळात वस्ताद टपालाने येऊ लागला. अमेरिकेत चार्ल्स ॲटलस विनासाधन व्यायामाचे धडे पोस्टाने पाठवायचा. आपल्याकडे बंगलोरच्या के. व्ही. अय्यर यांनीही टपालाने शिक्षण दिलं. मराठीत तर १९३६ पासून बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' निघू लागला, दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादनाखाली, तब्बल दहा खंड. सत्तरच्या दशकात मासिकांच्या मागच्या पानांवर बुलवर्करच्या जाहिराती यायच्या, त्या माझ्या पिढीला आठवत असतील. किती जोर लागला हे दाखवणारी खूण त्या नळीवरच असायची. ती खूण म्हणजे पुन्हा वस्तादच!

ट्रेडमिलचा इतिहास मात्र जरा बोचरा आहे. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज एंजिनिअरने कैद्यांना कामाला जुंपण्यासाठी पायऱ्यांचं एक भलं मोठं चाक बनवलं. कैदी तासन् तास त्या पायऱ्या चढत, चाक फिरे, आणि देखरेखीला पहारेकरी. १८९८ च्या कायद्याने इंग्लंडच्या तुरुंगांतली ही शिक्षा संपुष्टात आली. सत्तर वर्षांनी, १९६८ मध्ये, डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' आलं, आणि विल्यम स्टॉब नावाच्या अमेरिकन एंजिनिअरने ते वाचून घरात ठेवण्याजोगी ट्रेडमिल बनवली. चाक तेच, पहारेकरी तेवढा गेला. त्या मशीनवर आज कपडे वाळताना दिसतात त्याचं कारण हेच असावं!

मग २०२० चं साल आलं. मार्चमध्ये जिम बंद झाल्या, त्या महाराष्ट्रात दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. त्या काळात आमच्या इमारतीतली पोरं पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाच्या पिशव्या उचलत होती. समोर मोबाईल, त्यात शिकवणारा. तो वस्ताद सगळं दाखवतो, पण तुमची वाकलेली कंबर त्याला दिसत नाही.

आता आमच्या वयाचं बोलू. दोन वर्षांपूर्वी सौ.ला पूजेनंतर जमिनीवरून उठताना टेबलाचा आधार लागू लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवलं, एक रबरी पट्टा आणि मनगटाला बांधायच्या अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या दिल्या. एवढंच आमचं होम जिम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. नुसतं फिरणं पुरत नाही. सौ.चा व्यायाम टिकला तो मात्र तिच्या सांगलीच्या धाकट्या बहिणीमुळे. सकाळी साडेसातला फोन स्पीकरवर टाकून दोघी एकदम आकडे मोजतात. एकीने दांडी मारली तर दुसरी कारण विचारते. आता टेबलाची गरज लागत नाही.

तर विचारणाऱ्या तिघांना एकदमच सांगतो. आधी कोपरा आणि वेळ ठरवा, सामान मागाहून. मग चटई आणि रबरी पट्टा घ्या. पट्ट्याला चिरा पडल्या की टाकून द्या, आणि दाराला अडकवायचा असेल तर ओढल्यावर दार मिटेल अशा बाजूला उभे राहा. वजनं घेताना थोडं थोडं वाढवता येईल अशी घ्या. सळई आणि चकत्यांचा संच असेल तर टोकाच्या खिट्ट्या दर वेळी आवळून बघा. खाली रबरी मॅट हवीच, फरशीसाठी आणि खालच्या मजल्यावरच्यांसाठीही. ट्रेडमिल घेणारच असाल तर मागे मोकळी जागा ठेवा, सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवा, आणि घरात लहान मूल असेल तर वापर संपला की प्लग काढा. मुद्गल फिरवायची हौस असेल तर आधी छताच्या पंख्याकडे बघा! सुरुवातीचे काही दिवस तरी जाणकाराला प्रत्यक्ष दाखवून घ्या, आणि गुडघा, पाठ, रक्तदाब यांची काही तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि शेवटचं म्हणजे, कुणाला उत्तर द्यायचं तेही ठरवून टाका. बहीण, शेजारी, नातवंड, कुणीही चालेल. ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तुमच्या माळ्यावर आजोबांची जोडी किंवा एखादं जुनं बुलवर्कर पडलेलं असेल तर भंगारात देण्यापूर्वी मला जरूर कळवा. कुणी वापरलं, किती वर्षं वापरलं आणि का सुटलं, तेही लिहा. वाचायला आवडेल.