टाटातून पेशंट घरी आणलाय? घरी येणाऱ्या नर्सचं काम नीट चाललंय का, हे कोण आणि कसं तपासणार? वाचा सविस्तर

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये आपलं कोणीच कधी गेलं नाही, असं गाव आपल्या तालुक्यांत सापडणं अवघड. १९४१ साली सुरू झालेल्या या हॉस्पिटलात गावाकडून गेलेली माणसं कुठे राहतात, हेही सगळ्यांना पाठ आहे. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कोणी परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात, आणि ज्यांचं कोणी लालबाग-गिरगावच्या चाळीत आहे ते त्यांच्याच दहा बाय बाराच्या खोलीत.

मग एक दिवस उपचार संपतात. किंवा डॉक्टर सांगतात की आता घरी न्या, त्रास कमी राहील एवढंच बघू. पेशंट घरी येतो तो नाकात नळी, लघवीची पिशवी, गळ्याला भोक किंवा कमरेवर जखम घेऊनच. घरात चर्चा होते आणि ठरतं, एक सिस्टर लावू. सिस्टर येते, दिवसाचे पैसे ठरतात, कामाला लागते. तिचं काम बरोबर आहे का, हे मात्र कोणी बघत नाही.

वॉर्डात जे असतं ते घरात नसतं

मोठ्या हॉस्पिटलमध्ये संसर्ग रोखण्यासाठी वेगळी समिती असते, त्या कामासाठी नेमलेली नर्स असते. किती पेशंटना कॅथेटरमुळे लघवीचा संसर्ग झाला, किती जखमा चिघळल्या, याचा हिशेब ती ठेवते. आकडा वाढला की वॉर्डाला विचारणा होते. घरात यातलं काहीच नाही. आपल्या राज्यात नर्सिंग होमची नोंदणी करणारा १९४९ चा कायदा आहे, पण तो पेशंट ठेवण्याच्या जागेला लागू होतो. तुमचं राहतं घर त्यात येत नाही. म्हणजे घरी चाललेली नर्सिंग बघायला सरकारी माणूस दारात येणार नाही.

याच परळमध्ये हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारची माणसं चाळीत शिरून खोल्या तपासायची, आजारी माणसाला उचलून न्यायची, आणि लोक भयंकर चिडायचे. आज उलटं आहे. कोणीच येत नाही. तेव्हा देखरेख घरच्यांनाच करावी लागते, आणि ती चौथी पास माणसालाही जमते. नळी घालायला शिकावं लागतं, पण नर्सने हात धुतले की नाही हे बघायला शिक्षण लागत नाही.

आधी समजून घ्या, घरी नेमकं कोण आलंय

यात लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. पांढरा कोट घातला की सगळ्याच 'सिस्टर' होतात. प्रत्यक्षात तीन वेगळी माणसं घरी येऊ शकतात.

पहिली म्हणजे हॉस्पिटलची किंवा संस्थेची होम केअर टीम. टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागाची टीम मुंबईतल्या पेशंटच्या घरी जाते. त्यात डॉक्टर, नर्स, समाजसेवक असतात. ही टीम दिवसभर थांबत नाही. येते, तपासते, घरच्यांना शिकवते आणि जाते. रोजचं काम घरचेच करतात. मुंबईत सोय असेल तर नातेवाइकांच्या खोलीत राहत असतानाच या टीमकडून सगळं हाताने करून शिकून घ्या. गावी आल्यावर ती टीम मिळणार नाही.

दुसरी म्हणजे नोंदणीकृत नर्स. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षं शिकलेली असते. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. कॅथेटर बदलणं, इंजेक्शन, सलाईन, नाकाची नळी घालणं ही कामं हिचीच.

तिसरी म्हणजे आया, मावशी, मामा, ज्यांना ब्युरोवाले 'अटेंडंट' म्हणतात. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, पिशवी रिकामी करणं हे काम त्या करतात, आणि पुष्कळ जणी ते फार मायेने करतात. पण ब्युरोकडून पैसे नर्सचे घेतले जातात आणि येते अटेंडंट, हा प्रकार मुंबईतही चालतो, तालुक्यालाही चालतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा. नूतनीकरणाची तारीख बघा, फोटो जुळतो का बघा. खरी नर्स याचा राग मानत नाही.

ब्युरोला फोनवर आणखी एक प्रश्न विचारा: 'तुमची सुपरवायझर सिस्टर किती दिवसांनी घरी येऊन काम बघते?' उत्तर अडखळत आलं तर समजून जा. चांगली सुपरवायझर न सांगता येते, ड्रेसिंग चालू असताना शेजारी उभी राहून बघते, पेशंटची पाठ स्वतः पालथी करून तपासते आणि वहीवर सही करून जाते. फोन करून 'सगळं ठीक आहे ना?' विचारणं याला देखरेख म्हणत नाहीत.

हात, आधी हात

घरातला मोठा धोका हातांचा असतो. पेशंटला हात लावण्याआधी, ड्रेसिंग किंवा नळीला हात घालण्याआधी, लघवी-रक्त-कफ हाताळल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या अंथरुणाला हात लावल्यावर, अशा पाच वेळा हात धुवायचे हे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेलं आहे. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुणं सुटत नाही. आणि तेच मोजे घालून आधी लघवीची पिशवी, मग जेवणाची नळी असं करणारी बाई दिसली तर तिथेच थांबवा.

लालबागच्या चाळीत पाणी ठरावीक वेळेला येतं, संडास गॅलरीच्या टोकाला सामायिक असतो. गावात पाणी विहिरीचं आणि लाइटचा भरवसा नाही. दोन्हीकडे उपाय एकच. पेशंटच्या खाटेजवळ तोटीची बादली किंवा झाकणाचा डबा, साबण आणि फक्त त्याच कामाचा स्वच्छ टॉवेल. टॉवेल रोज बदला.

लघवीची पिशवी, नाकाची नळी आणि जखम

पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. खाटेच्या पट्टीला अडकवा. पेशंटला उचलताना पिशवी पोटावर ठेवली की लघवी उलटी आत जाते, संसर्गाची ही सरळ वाट. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, तोटीला भांडं लागू देऊ नका. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडायचा नाही. कॅथेटर कधी बदलायचा हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. 'दर आठवड्याला बदलू' असं कोणी म्हणत असेल तर हॉस्पिटलला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

नाकाच्या नळीतून भरवताना पेशंट उशांना टेकून अर्धवट बसलेला हवा, आणि भरवून झाल्यावर अर्धा ते एक तास तसाच. आडवं झोपवून भरवलं की अन्न फुफ्फुसात जातं. खोकला आला, दम लागला तर भरवणं तिथेच थांबवायचं.

पाठीच्या जखमा, म्हणजे बेडसोर, हा नर्सिंग बरी की वाईट हे सांगणारा सगळ्यात सरळ पुरावा आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, कुल्ले बघा. लाल डाग दाबल्यावरही लालच राहिला तर जखम सुरू झाली असं समजा. त्या जागी चोळू नका.

तोंडाच्या कॅन्सरची जखम उघडी असेल तर दोन गोष्टींना लोक लाजतात, वास आणि अळ्या. दोन्हीला इलाज आहे. वासासाठी डॉक्टर जखमेवर टाकायची पावडर लिहून देतात, विचारा. अळ्या माश्यांमुळे होतात, तुमच्या हलगर्जीपणाची ती शिक्षा नव्हे. जखम झाकलेली ठेवा, दिवसाही मच्छरदाणी लावा. झाल्याच तर नर्सला बोलवा, घरच्या घरी फिनेल किंवा रॉकेल ओतू नका. ड्रेसिंगला अर्धा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ घालून उकळून गार केलेलं पाणी चालतं, ते रोज ताजं करा. बाजारची पट्टी परवडत नसेल तर जुन्या सुती साडीचे तुकडे धुऊन कुकरमध्ये वाफवून वापरतात, ती पद्धत नर्सकडून एकदा बघून घ्या.

रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून किंवा मंडळाकडून आणलेली सक्शन मशीन, वाफेचं यंत्र, हवेची गादी याबद्दल कोणी बोलत नाही. आधी ती कोणाकडे होती, तुम्हाला माहीत नसतं. सक्शनची बाटली साबणाने धुऊन निर्जंतुक करा, रबरी नळ्या आणि मास्क नवीनच घ्या. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट मिळालं तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्क्याचं द्रावण होतं, रक्त सांडलेलं पुसायलाही तेच. त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

सुया आणि घाण कुठे टाकायची

सुईला टोपण परत लावायचं नाही. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकणाला भोक पाडून, थेट आत. डबा पाऊण भरला की प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच सरकारी हॉस्पिटल गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी लागणार असेल तर ती पहिल्या काही तासांत सुरू झालेली बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही. नर्सने काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, हेही विचारून ठेवा.

केमो घेतलेल्या पेशंटची लघवी, उलटी पुढचे ४८ तास मोजे घालूनच हाताळा. अशा पेशंटला १००.४ डिग्रीच्या वर ताप आला तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच निघा.

जपणं म्हणजे वाळीत टाकणं नव्हे

संसर्गाच्या भीतीने काही घरांत पेशंटचं ताट-वाटी वेगळं काढतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. गणपतीला घर चाकरमान्यांनी भरतं तेव्हा सर्दी-खोकला असलेल्याने लांबून बोलावं, बाकीच्यांनी हात धुऊन जवळ बसावं. एवढं पुरतं.

शेवटच्या दिवसांत नर्सिंगची मोजपट्टीही बदलते. तेव्हा चांगलं काम म्हणजे वेदना किती कमी आहे, तोंड ओलं आहे का, अंथरूण कोरडं आहे का, झोप लागते का. दर तासाला बीपी घेणारी नर्स कामसू दिसते, पण त्याचा त्या माणसाला उपयोग नसतो. कूस बदलताना फार दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ वाढवा. प्रत्येक तापाला अँटिबायोटिक द्यायचं का, हेही आधीच बोलून ठेवा. मॉर्फिनच्या गोळ्यांचा कायदा २०१४ मध्ये सोपा झाला, तरी गोळ्या मोजून कुलपात ठेवा आणि पोट साफ होण्याचं औषध सोबत सुरू आहे ना बघा.

घरी जमतच नसेल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस, बरे न होणाऱ्या कॅन्सर पेशंटना तिथे मोफत ठेवतात. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तेही मोफत. आपल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही पेशंटची माहिती द्या, अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी हे त्यांच्या ठरलेल्या कामांपैकी एक आहे.

एक वही ठेवा

शंभर पानी साधी वही. रोज तारीख, कोण आलं, किती वाजता कूस बदलली, लघवी किती आणि रंग कसा, ताप, दुखणं शून्य ते दहापैकी किती, कोणती गोळी किती वाजता. नर्सने लिहायचं, संध्याकाळी घरच्या एकाच ठरलेल्या माणसाने वाचून सही करायची. सगळ्यांनी बघायचं ठरवलं की कोणीच बघत नाही. महिन्याअखेरीस मोजा: किती वेळा ताप आला, लघवी किती वेळा गढूळ झाली, नवी जखम झाली का. हॉस्पिटलची नर्स वॉर्डात जो हिशेब ठेवते तो हाच. टाटात पुढच्या तारखेला जाताना ही वही सोबत न्या, किंवा पानांचे फोटो काढून मुंबईच्या नातेवाइकांना पाठवा, डॉक्टरांना दाखवता येतात.

तक्रार करायची वेळ आली तरी हीच वही कामाला येते. आधी ब्युरोला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवरचा मेसेजही जपून ठेवा. नर्स नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार करता येते. पैसे नर्सचे घेऊन अटेंडंट पाठवली, तर ती सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, तातडीच्या ॲम्ब्युलन्ससाठी १०८.